ताऱ्यावरचा पहारा : बेगमपेठच्या वेधशाळेपासून आमच्या गच्चीपर्यंत

गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये, असे आपल्या घरोघरी सांगतात. चुकून दिसलाच तर स्यमंतक मण्याची कथा ऐकायची आणि दोषातून सुटका करून घ्यायची. आम्हाला मात्र चंद्र बाराही महिने नकोसा असतो. आम्ही म्हणजे मंडळातले चार-पाच जण. कुणी बँकेत, कुणी शाळेत, आणि या लेखापुरती लेखणी ज्याच्या हाती आली तो सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत. अमावास्येच्या मागेपुढे सुटी आली की आम्ही दुर्बीण, बॅटरी, घोंगडी आणि डबे गाडीत टाकतो, हैदराबादच्या उजेडापासून जमेल तितके दूर जातो आणि रात्रभर एकाच तेजोमेघाचे फोटो घेत बसतो.

गेली काही वर्षे त्यातले निवडक फोटो आपल्या गणेशोत्सवात मंडपाशेजारच्या हॉलमध्ये लावतो. पाहणारे कौतुक करतात आणि बहुतेकजण एकच विचारतात, "कॅमेरा कोणता?" खरे तर कॅमेरा फारसा वेगळा नसतो. ज्याच्यामुळे फोटो होतो ती वस्तू दुर्बिणीच्या खाली असते. तिला माउंट म्हणतात, आपण बैठक म्हणू. पाच-दहा मिनिटे एका ताऱ्याला कॅमेऱ्यातल्या एकाच बिंदूवर धरून ठेवणे हे तिचे काम. या कामाचा इतिहास जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा आहे आणि त्यातले एक प्रकरण आपल्या हैदराबादेत, बेगमपेठेत घडले आहे. शहरात तीन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या लोकांनाही ते फारसे ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

आकाश थांबत नाही

पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते. त्यामुळे सगळे आकाश दर सेकंदाला साधारण १५ विकला पुढे सरकताना दिसते. पंचांग पाहणाऱ्यांना विकला नवी नाही. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे पाच किलोमीटरवर धरले, तर ते जेवढे दिसेल तेवढी एक विकला.

आमच्या लहानशा दुर्बिणीचे नाभीय अंतर ५०० मिलिमीटर आहे. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल चार मायक्रॉनचा धरला, तर त्यात आकाशाचा सुमारे दीड-पावणेदोन विकलांचा तुकडा मावतो. म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर तारा एका सेकंदात नऊ पिक्सेल ओलांडून जातो आणि फोटोत ठिपक्याऐवजी रेघ उमटते. तेजोमेघाचा अंधूक प्रकाश गोळा व्हायला मात्र मिनिटे नव्हे, तास लागतात.

उपाय तत्त्वतः सोपा आहे. बैठकीचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा, म्हणजे त्याचे टोक आकाशाच्या ध्रुवाकडे येते, आणि त्या आसाभोवती दुर्बीण पृथ्वीच्या उलट दिशेने, तेवढ्याच गतीने फिरवायची. जर्मनीच्या फ्राउनहोफरने १८२४ साली आजच्या एस्टोनियातल्या डोर्पाट इथल्या वेधशाळेसाठी जी दुर्बीण केली, तिची बैठक अशीच होती. खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळ ती फिरवत असे. आज आमच्याकडे वजनाऐवजी विजेची मोटर आहे, एवढाच फरक. बैठकीचा तो प्रकार अजूनही 'जर्मन' या नावानेच विकला जातो.

घड्याळ हवे आणि डोळाही हवा

घड्याळाने दुर्बीण फिरते, पण पुरेशी अचूक फिरत नाही, हे पहिल्या फोटोपासूनच कळून चुकले होते. १८५० सालच्या जुलैत अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत विल्यम बॉण्ड आणि बॉस्टनचे फोटोग्राफर जॉन व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचा फोटो घेतला. सूर्य सोडून दुसऱ्या कुठल्याही ताऱ्याचा हा पहिला फोटो. एक्स्पोजर सुमारे शंभर सेकंदांचे. यापुढे त्यांना जाता येईना, याचे एक मोठे कारण दुर्बीण चालवणारे घड्याळ होते. ते गचके देत चाले. चांगले घड्याळ बसवून हे काम पुन्हा सुरू व्हायला १८५७ साल उजाडले.

कोरड्या प्लेटी आल्यावर तासाच्या हिशेबाने एक्स्पोजर देता येऊ लागले. १८८० सालच्या ३० सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटांचे एक्स्पोजर देऊन मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला. दीड वर्षात ते १३७ मिनिटांवर पोचले. ड्रेपर पेशाने डॉक्टर होते. १८८३ साली लंडनजवळच्या ईलिंगमध्ये आपल्या घरच्या बागेत अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याच तेजोमेघाचा ३७ मिनिटांचा फोटो घेतला. दुर्बिणीतून डोळ्याला कधीच न दिसलेले तारे त्यात उमटले होते. हे कॉमन सॅनिटरी इंजिनिअर. गटारे आणि नळ ही त्यांची रोजीरोटी होती. अवजड दुर्बिणीला हलके धक्के देण्याऐवजी त्यांनी प्लेटची चौकटच स्क्रूने सरकवता येईल अशी केली. एका कडेला भिंगातून तारा पाहायचा आणि तो तारेच्या फुलीवरून हलला की चौकट तेवढीच सरकवायची. १८८८ च्या डिसेंबरात आयझॅक रॉबर्ट्स यांनी चार तासांच्या एक्स्पोजरने देवयानी दीर्घिकेचा फोटो घेतला आणि तिच्यातली वळणे जगाला प्रथम दिसली. रॉबर्ट्स इमारतींचे बांधकाम करणारे कंत्राटदार.

आमच्यासारख्या सार्वजनिक बांधकामातल्या माणसाला ही नावे वाचताना थोडे बरे वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मुद्दा वेगळा आहे. या सर्वांची घड्याळे त्या काळातली उत्तम घड्याळे होती. तरीही प्रत्येक फोटोमागे कुणीतरी माणूस भिंगाला डोळा लावून बसला होता. तारा फुलीवरून ढळतो का, हे तो सारखे पाहत होता आणि ढळला की परत आणत होता. या कामाला इंग्रजीत गाइडिंग म्हणतात. आम्ही आपसात त्याला पहारा म्हणतो.

या पहाऱ्याचा महापुरुष कोण, असे विचारले तर आम्ही एडवर्ड बर्नार्ड यांचे नाव घेऊ. अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी ते अत्यंत गरिबीत वाढले. शाळा जवळजवळ नाहीच. नवव्या वर्षी एका फोटो स्टुडिओत नोकरीला लागले. काम काय, तर गच्चीवर ठेवलेला फोटो मोठे करण्याचा अवजड कॅमेरा दिवसभर हाताने फिरवून सूर्याकडे रोखून धरायचा, कारण त्याला सूर्याचा प्रकाश लागे. आधीची पोरे उन्हात डुलक्या काढत. हा पोरगा झोपला नाही. पुढे याच माणसाने लिक आणि यर्कीज वेधशाळांच्या दुर्बिणींवर रात्रीच्या रात्री ताऱ्यावर डोळा ठेवून आकाशगंगेचे जे फोटो घेतले, ते आजही पाहण्यासारखे आहेत.

एका धूमकेतूमुळे भरलेली परिषद

१८८२ साली दक्षिण गोलार्धात मोठा धूमकेतू दिसला. आफ्रिकेच्या टोकाला केप वेधशाळेत डेव्हिड गिल यांनी गावातल्या फोटोग्राफरचा साधा कॅमेरा आपल्या दुर्बिणीला बांधला, दुर्बिणीतून धूमकेतूच्या केंद्रावर नजर ठेवली आणि लांब एक्स्पोजर दिले. फोटोत धूमकेतू तर आलाच, पण मागे ताऱ्यांची एवढी दाटी उमटली की गिल यांना वाटले, अख्ख्या आकाशाचा नकाशा आता हाताने काढायची गरज नाही, तो फोटोवरूनच करता येईल. पॅरिसमध्ये पॉल आणि प्रॉस्पर हेन्री हे दोघे भाऊ त्याच सुमारास तसली दुर्बीण बनवत होते.

पॅरिस वेधशाळेचे प्रमुख ॲडमिरल मुशे यांनी १८८७ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि 'कार्त द्यु सिएल', म्हणजे आकाशाचा नकाशा, ही योजना ठरली. आकाशाचे क्रांतीनुसार पट्टे पाडायचे आणि एकेक पट्टा एकेका वेधशाळेने घ्यायचा. सर्वांनी एकाच प्रमाणात फोटो घ्यायचे. काचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला. प्रत्येक काच दोन अंश लांब, दोन अंश रुंद तुकड्याची. काचेवर पाच-पाच मिलिमीटरवर बारीक रेघांची जाळी छापायची, म्हणजे मोजणी सोपी होते. ताऱ्यांची यादी करण्यासाठीच्या प्रत्येक काचेवर तीन एक्स्पोजर : सहा मिनिटांचे, तीन मिनिटांचे आणि वीस सेकंदांचे. नकाशासाठीची एक्स्पोजरे त्याहून पुष्कळ लांब.

या दुर्बिणी जोडदुर्बिणी असत. एकीत काच आणि तिला घट्ट बांधलेल्या दुसरीत माणसाचा डोळा. पाच-दहा वर्षांत काम उरकेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाऊणशे वर्षे गेली. काही वेधशाळांनी अंग काढून घेतले, काहींचे पैसे संपले, मध्ये दोन महायुद्धे होऊन गेली. नकाशाचा भाग तर कधीच पुरा झाला नाही. ताऱ्यांची यादी मात्र पुरी झाली, आणि ती होण्यामागे हैदराबादचा वाटा आहे.

बेगमपेठचा पट्टा

निजाम महबूब अली खान यांच्या दरबारातले सरदार नवाब जफर जंग हे ज्योतिषशास्त्राचे शौकीन. विसावे शतक उजाडताना त्यांनी इंग्लंडहून १५ इंची ग्रब दुर्बीण मागवली आणि १९०१ साली शहराजवळ फिसलबंडा इथे आपली वेधशाळा उभी केली. निजामाच्या परवानगीने तिला 'निजामिया' असे नाव दिले. त्यांच्याकडेच कुक कंपनीची आठ इंची फोटो घेण्याची दुर्बीणही आली. १९०७ साली ते वारले. १९०८ साली वेधशाळा निजाम सरकारने आपल्या ताब्यात घेतली आणि पुढे ती बेगमपेठेत हलली.

जाता जाता सांगायला हवे की डब्लिनच्या ग्रब कारखान्याचे नाव त्याआधीच पुण्याला ठाऊक झाले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक नायगमवाला यांनी १८८८ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा काढली, तिची २० इंची आरशाची दुर्बीण ग्रबचीच. १९१२ साली ती सगळी सामग्री कोडाईकॅनलला गेली आणि पुण्याचे ते पर्व संपले. हैदराबादेत मात्र खरे काम त्याच सुमारास उभे राहत होते.

आंतरराष्ट्रीय योजनेत दक्षिणेकडचा −१७ ते −२३ अंश क्रांतीचा पट्टा मूळ चिलीतल्या सांतियागो वेधशाळेकडे होता. तिच्याकडून तो पार पडला नाही, म्हणून हैदराबादकडे आला. आर्थर चॅटवुड हे पहिले संचालक. त्यांनी तयारी केली. १९१४ साली रॉबर्ट पोकॉक आले आणि फोटोंची मोहीम नीट सुरू झाली. १९१८ साली पोकॉक वारले. नंतर टी. पी. भास्करन यांनी सूत्रे हाती घेतली आणि १९४४ पर्यंत सांभाळली. दरम्यान १९१९ साली वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली.

तो पट्टा १९१४ ते १९२९ या काळात पुरा झाला. सात अंशांचा पट्टा आणि प्रत्येक अंशाला १८० काचा, म्हणजे १२६० काचा. फक्त चांगल्या ठरलेल्या तेवढ्या मोजल्या तर. ढग आला, काच बिघडली, तारा हलला की ती रात्र वाया. पावसाळ्याचे चार महिने तर मोजायचेच नाहीत. मग प्रत्येक काच यंत्राखाली धरून एकेका ताऱ्याचे स्थान डोळ्याने मोजायचे, लिहायचे, गणित करायचे आणि छापायचे. हे संपते न संपते तोच दुसरे काम आले. जर्मनीच्या पॉट्सडॅम वेधशाळेचा उत्तरेकडचा पट्टा अर्धवट राहिला होता. त्यातला +३६ ते +३९ अंशांचा भाग हैदराबादने घेतला आणि १९२८ ते १९३८ या दहा वर्षांत त्याचेही फोटो पुरे केले. दोन्ही पट्ट्यांच्या याद्या बारा खंडांत निघाल्या. त्यांत लाखो तारे आहेत.

हे आकडे लिहिताना आम्हाला सारखे वाटत राहते की आपल्या ओळखीची नक्षत्रे या काचांवर आहेत. हस्ताच्या पंजातले तारे आणि अनुराधेतले वरचे दोन तारे दक्षिण पट्ट्यात येतात. उत्तरेच्या पट्ट्यात अभिजित येतो. १८५० साली ज्याचा फोटो घेताना घड्याळाने गचके खाल्ले, तोच अभिजित ऐंशी वर्षांनी बेगमपेठेच्या वाट्याला आला.

प्रत्येक काचेमागे पहारेकरी होताच. वेधशाळांच्या ग्रंथांवर संचालकांची नावे येतात. रात्री फुलीवर डोळा ठेवून बसणाऱ्या साहाय्यकांची नावे सहसा लोकांच्या तोंडी येत नाहीत. निजामियातल्या एका साहाय्यकाचे नाव लोकांना ठाऊक आहे, तेही मुलामुळे. वेणू बाप्पू यांचे वडील या वेधशाळेत साहाय्यक होते. दुर्बिणीच्या सावलीत वाढलेला हा मुलगा निजाम कॉलेजात शिकला, हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती घेऊन हार्वर्डला गेला आणि १९४९ साली तिथे त्याने स्वतः घेतलेल्या काचेवर नवा धूमकेतू सापडला. त्या धूमकेतूला बाप्पू, बोक आणि न्यूकर्क अशी तीन नावे आहेत. पुढे याच वेणू बाप्पूंनी कावलूरची वेधशाळा उभी केली. तिथल्या २.३४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला आज त्यांचेच नाव आहे.

डोळ्याच्या जागी यंत्र

माणसाचा डोळा थकतो, हे कुणाला सांगायला नको. १९३७ साली व्हिटफर्ड आणि क्रॉन यांनी प्रकाशविद्युत नळीकडून ताऱ्यावर नजर ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. १९४८ साली हॉरेस बॅबकॉक यांनी तिच्यात भर घातली. मोठ्या वेधशाळांचे काम हळूहळू हलके झाले. हौशी लोकांच्या वाट्याला मात्र पुढची चाळीस वर्षे भिंग, लाल उजेडातली फुली, हातातली बटणे आणि अवघडलेली मान एवढेच राहिले.

१९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इन्स्ट्रुमेंट ग्रुप या कंपनीने हौशी मंडळींना परवडेल असा एसटी-४ नावाचा कॅमेरा काढला. तो स्वतःच ताऱ्याचे स्थान मोजून बैठकीला सूचना देई. तो कॅमेरा केव्हाच बंद झाला, पण बैठकीवर त्याची तार जिथे लागायची त्या खाचेला आजही एसटी-४ पोर्ट म्हणतात. नंतर क्रेग स्टार्क यांनी लॅपटॉपवर चालणारी मोफत प्रणाली लिहिली. तिचे नाव पीएचडी. पूर्ण रूप 'पुश हिअर, डमी', म्हणजे 'मूर्खा, इथे दाब'. आम्हा डिप्लोमावाल्यांना पीएचडी मिळाली ती अशी.

तिचे काम पोकॉक आणि भास्करन यांच्या काळातल्या पहाऱ्यासारखेच आहे. मुख्य दुर्बिणीवर छोटी दुर्बीण, तिला छोटा कॅमेरा. दर दोन-तीन सेकंदांनी एक फोटो. निवडलेल्या ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या लहानशा अंशापर्यंत मोजायचा. ढळला असेल तर बैठकीच्या मोटरला बारीकसा धक्का. पडद्यावर दोन रेघांचा आलेख चालू राहतो. एक रेघ पूर्व-पश्चिम चुकीची, दुसरी उत्तर-दक्षिण चुकीची.

आमची गच्ची

आमची बैठक जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. पहिल्या रात्री ती अपार्टमेंटच्या गच्चीवर मांडली. ध्रुवतारा हैदराबादहून क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर असतो. आमच्याकडून तो शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे लपतो. अंदाजाने आस लावला. तीन मिनिटांचे फोटो काढले तर प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबुळका. आम्ही एकमताने बैठकीला दोष दिला आणि महागडी बैठक घ्यायला किती वर्गणी लागेल, याची चर्चा सुरू केली.

आमच्यातले वयाने मोठे, निवृत्त गणित शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, ते शांतपणे म्हणाले, "नवी घेण्याआधी आलेख एकदा वाचून तर पाहा. विद्यार्थी नापास झाला की आपण आधी पेपर बघतो ना?"

आलेख वाचला. पूर्व-पश्चिम रेघेवर एक संथ लाट होती, बरोबर आठ मिनिटांनी परत येणारी. बैठकीच्या मुख्य चक्राला १८० दाते आहेत. नाक्षत्र दिवसाला १८० ने भागले की ४७८ सेकंद आणि वर थोडे, म्हणजे आठ मिनिटांच्या आत एक-दोन सेकंद. चक्राला फिरवणारा स्क्रू, ज्याला वर्म म्हणतात, तो तेवढ्या वेळात एक फेरी मारतो. त्याच्या घडणीतला केसाएवढा दोष दर फेरीला परत येत होता. या जातीच्या सगळ्याच बैठकींत तो थोडाफार असतो. दर फेरीला ठरावीक येणारी चूक आधी ओळखून उलट दिशेने भरून काढता येते. उत्तर-दक्षिण रेघ एकाच दिशेने सरकत होती. त्याचा अर्थ आस ध्रुवाकडे नव्हता. आणि मधूनमधून रेघ एकदम उंच उसळत होती. ती का, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकलेल्या माणसाला तरी कळायला हवे होते. आम्ही तिपाई स्लॅबच्या मधोमध ठेवली होती आणि तिच्याभोवती चहाचे कप घेऊन फिरत होतो. स्लॅब लवतो. शिवाय लिफ्टची मोटरही खालीच होती.

तिपाई खांबाच्या डोक्यावर, कोपऱ्यात नेली. फिरणे बंद केले. तारा थरथरला की लगेच धक्का द्यायचा, हा मोहही सोडला. ताऱ्याची बरीचशी थरथर हवेची असते. तिच्यामागे धावले की यंत्र स्वतःच थरथर वाढवते. म्हणून दोन-तीन सेकंदांची सरासरी पाहून, चुकीचा थोडाच भाग दर वेळी दुरुस्त करायचा. एवढ्यानेच आलेखाची सरासरी चूक एका विकलेच्या आत आली. बैठक तीच, दातेही तेच.

त्या रात्री आम्हाला गेल्या पावणेदोनशे वर्षांचे सार कळल्यासारखे वाटले. निर्दोष यंत्र कुणाकडेच नव्हते. बॉण्डकडे नव्हते, कॉमनकडे नव्हते, बेगमपेठेतही नव्हते. अचूकता आली ती चूक सतत पाहत राहिल्याने आणि ती लहान असतानाच सावरल्याने. पाहणे थांबले की उत्तम घड्याळाची दुर्बीणही भरकटते. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढल्यावर हे वाक्य दुर्बिणीपुरतेच खरे आहे असे आम्हाला वाटत नाही, पण तो विषय वेगळा.

काचांचे काय झाले

'कार्त द्यु सिएल'वर नंतर टीका पुष्कळ झाली. एवढ्या वेधशाळांनी एवढी वर्षे एकाच कंटाळवाण्या कामात घालवली आणि तोवर खगोलशास्त्र दुसरीकडे निघून गेले, असे लोक म्हणू लागले. खंड ग्रंथालयांत धूळ खात पडले. बेगमपेठच्या पहारेकऱ्यांनी जागून काढलेल्या रात्री फुकट गेल्या, असा निकाल जवळजवळ लागलाच होता.

मग युरोपने हिपार्कोस उपग्रह सोडला. १९८९ ते १९९३ या काळात त्याने ताऱ्यांची स्थाने पूर्वी कधी नव्हती इतक्या अचूकतेने मोजली. पण तारा कुठे आहे हे कळले, तरी तो कोणत्या दिशेला, किती वेगाने चालला आहे हे कळायला जुने स्थानही लागते, आणि ते जितके जुने तितके चांगले. भूतकाळात परत जाऊन कुणालाच मोजणी करता येत नाही. तेव्हा शास्त्रज्ञांना त्या धूळ खाणाऱ्या खंडांची आठवण झाली. जगभरातल्या जुन्या याद्या संगणकावर आणून नव्याने गणित केले आणि २००० साली 'टायको-२' ही सुमारे पंचवीस लाख ताऱ्यांची यादी निघाली. तिच्यातल्या ताऱ्यांच्या गतीचा मोठा आधार म्हणजे 'कार्त द्यु सिएल'च्या काचा, आणि त्यांत हैदराबादचे दोन पट्टे.

आता आमच्या गच्चीवर परत येऊ. ध्रुवतारा टाकीमागे असल्यामुळे आम्ही आस दुसऱ्या रीतीने लावतो. आस थोडा थोडा फिरवत आकाशाचे तीन फोटो घ्यायचे. लॅपटॉप त्यातल्या ताऱ्यांची मांडणी यादीशी ताडून पाहतो आणि दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते सांगतो. तिन्ही ठिकाणांवरून आस ध्रुवापासून किती कला चुकला हे निघते. ताडून पाहण्यासाठी आमच्या लॅपटॉपवर ज्या फायली आहेत, त्या 'टायको-२' यादीवरून केलेल्या आहेत. म्हणजे आम्ही बैठक लावतो तेव्हा, कळत-नकळत, बेगमपेठेत शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ताऱ्यावर ठेवलेल्या नजरेचा आधार घेतो. हे प्रथम लक्षात आले तेव्हा गच्चीवर थोडा वेळ कुणीच काही बोलले नाही. मग सर म्हणाले, "आपण उगीच समजत होतो की आपल्या शहरात हे आपणच सुरू केले."

निजामियाचे संशोधन पुढे जपाल-रंगापूरच्या ४८ इंची दुर्बिणीकडे गेले. बेगमपेठच्या जागेवर आज सेंटर फॉर इकॉनॉमिक अँड सोशल स्टडीज ही संस्था आहे. तिच्या पत्त्यात अजून 'निजामिया ऑब्झर्व्हेटरी कॅम्पस' असे लिहितात. त्या रस्त्याने रोज हजारो लोक जातात. आपल्या शहरातल्या जुन्या वास्तूंची यादी सांगताना आपण चारमिनार, गोवळकोंडा, फार तर रेसिडेन्सी सांगून थांबतो. त्या यादीत ही वेधशाळाही असावी, तिच्या जुन्या खुणा जपल्या जाव्यात आणि आपल्या मुलांना तिथे एकदा तरी न्यावे, एवढी विनंती आम्ही मंडळाच्या कार्यकारिणीला या लेखातून करतो. सहल आखली तर वाटेत माहिती सांगण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

आणि यंदा रात्री आठ-नऊच्या आरतीनंतर ढगांनी कृपा केली, तर मंडपाबाहेर येऊन उत्तरेला उंच पाहा. तिथला सर्वांत तेजस्वी, निळसर पांढरा तारा म्हणजे अभिजित. चतुर्थीला चंद्र वर्ज्य असला तरी ताऱ्यांना मनाई नाही. मग हॉलमध्ये येऊन आमचे फोटो जरूर पाहा, आणि कॅमेरा कोणता हे विचारण्याआधी पहाऱ्याला कोण होते, ते विचारा.